मामांच्या नावावरची पावर

जगात इंग्रजी येणारे पुष्कळ असतील, पण इंग्रजीतला एक अख्खा शब्द ज्याच्या मालकीचा आहे असा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझा सख्खा मामा आहे. तो शब्द म्हणजे 'पावर'. शेताची पहाणी, म्हणजे सातबारा, नावावर चढावी तसा तो मामांच्या नावावर चढलेला आहे. कन्नड मुलखातल्या खटकचिंचोळीच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि त्यातली निम्मी तरी या एका शब्दावर गेली असावीत. भुईमुगाचं झाड नीट उपटलं की शेंगांचा घड वर येतो, तसा एक शब्द मुळासकट उपटला की भाषा आपोआप वर येते, असा त्यांचा सिद्धांत. शाळा उघडली की पोरांना फर्मान सुटायचं, घरून एकेक पावर घेऊन या. कुणी मोटारीची थ्री फेज आणायचा, कुणी ट्रॅक्टरचा हॉर्सपावर, कुणी गणितातला दोनाचा तिसरा घात. एकानं तर आजोबांचा चष्माच उचलून आणला, आणि त्याच्यामागं भिंतीला चाचपडत आजोबाही शाळेत आले. त्या पोरांना पुढं इंग्रजी किती आलं ते देव जाणे, पण या एका शब्दात त्यांना हरवणारा बेंगळुरातसुद्धा सापडायचा नाही.

घरीही सुटका नव्हतीच. लाइट गेली असं कुणी म्हटलं की मामा खवळायचे. लाइट सूर्याची बी असती, ती कुठं जात न्हाई, गेली ती पावर! पंचायतीत निवडून आलेला एक गडी पाया पडायला आला, तर आशीर्वादाऐवजी त्याला व्याकरण ऐकावं लागलं. "इंग्रज 'इन पावर' म्हणतो बघ. म्हणजे तू आत बसलायस. आत बसलेला माणूस कवा ना कवा बाहेर येतो, हे ध्यानात ठेव." बिचारा पेढे तसेच ठेवून गेला. मामीनं एकदा तिच्या ठेच्यालाही पावर आहे म्हटलं. असा अर्थ इंग्रजीत नाहीच, असं मामांनी ठणकावून सांगितलं, भाकरीबरोबर ठेचा खाल्ला, दोन तांबे पाणी प्याले, आणि डोळे पुसत तो अर्थ वहीत लिहून घेतला.

पण या माणसाचा गावाला खरा आधार होता तो कागद वाचण्यासाठी. बँकेचं पत्र, कोर्टाची नोटीस, दवाखान्याची चिठ्ठी, इंग्रजी अक्षर दिसलं की लोक मामांच्या ओसरीवर. एक विधवा बाई दिराचा कागद घेऊन आली होती. पॉवर ऑफ अॅटर्नीच होती ती, फक्त अंगठा उठवायचा बाकी होता. मामांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, अक्का, यातली पावर तुझी हाय, ती तू दिराला द्यायलीस. जमीन इकायची बी. बाईनं कागद कमरेला खोचला आणि अंगठा तसाच घेऊन घरी गेली. मामा त्या दिवशी जेवताना गात होते. आणि ते गाणं, खरं सांगतो, ऐकण्यासारखं नव्हतं.

म्हणूनच की काय, डोळे जायला लागले तेव्हा त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. कागद आणणाऱ्यालाच म्हणायचे, "तूच वाच, तुझा उच्चार बघू." वाचताच न येणाऱ्याला म्हणायचे, उद्या ये. मामीनं मात्र ओळखलं. ओसरीची पायरी ते पायानं चाचपतात, हे तिच्या नजरेतून कसं सुटेल? ती दरवर्षी त्यांना शाळेतल्या डोळ्यांच्या शिबिरात ढकलायची, आणि दरवर्षी मामा पास होऊन यायचे. होणारच. तीस वर्षं त्याच शिबिरात छडी घेऊन तक्त्याशेजारी ते स्वतःच उभे राहिले होते. वर ई, खाली एफ पी, मग टी ओ झेड, मग एल पी ई डी. तो तक्ता त्यांना रामरक्षेसारखा पाठ होता.

शेवटी मामीनं मला बोलावून घेतलं आणि आम्ही त्यांना कलबुर्गीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मामा ऐटीत खुर्चीवर बसले. डॉक्टरीणबाईंनी समोरचा दिवा लावला आणि वाचायला सांगितलं. मामांनी खणखणीत सुरुवात केली. ई. एफ, पी. टी, ओ, झेड. डॉक्टरीणबाई थांबल्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला हसू फुटणार होतं, तेवढ्यात मामांच्या मागं उभी असलेली मामी अगदी हळू आवाजात म्हणाली, "अहो, तक्ता कन्नड हाय. पहिला अ हाय."

हसू कुठल्या कुठं गेलं.

काचबिंदू निघाला. गेलेली नजर येत नाही, उरलेली थेंबांवर टिकवायची. वेळेवर आला असतात तर वाचली असती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. परतताना मी फार चिडलो होतो. इतकी वर्षं कामून लपवलंत, म्हणून गाडीतच भांडलो. मामा म्हणाले, "माझे डोळे गेले म्हटल्यावर लोक कागद घेऊन कुठं जायचे रे?"

लोक अजून तिथंच जातात. कन्नड चौथी शिकलेली मामी साठीत एबीसीडी शिकली. ती एकेक अक्षर सांगते, मामा जुळवतात आणि अर्थ सांगतात. एका नोटिशीला अख्खी सकाळ जाते. मधेच भांडणं होतात, तो वेळ वेगळा.

परवा गेलो तेव्हा सकाळी दोघं पूजेला बसले होते. तळहातावर इष्टलिंग घेऊन, डोळ्यांसमोर धरून त्याच्याकडं एकटक बघत बसायचं, ही त्यांची रोजची पूजा. मामा बसले होते नेहमीसारखे, पापणी न हलवता. मला राहवलं नाही. दिसतंय का, म्हणून विचारलं.

"न्हाई दिसत," मामा म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले, आणि ते किती सहज म्हणाले. त्यांचा हात थोडा कलला होता. मामीनं आपली नजर न हलवता उजव्या हातानं तो सरळ केला.