ऊन पडल्यावरचा उतार

बर्फाच्या थरांवर संशोधन करण्यासाठी कोणी पगार देते, हे माझ्या वडिलांना, आबांना, रावेरच्या केळीबागेत बसून कधीच खरे वाटले नाही. खात्री करून घ्यायला ते गेल्या हिवाळ्यात हिमाचलात माझ्याकडे आले.

ते आले तेव्हा बर्फवृष्टी आणि वारा चालूच होता. मग एका सकाळी आभाळ निवळले, दुपारी लख्ख ऊन पडले आणि आबांनी समोरचा उतार आडवा ओलांडून पलीकडच्या देवळात जायचे ठरवले. कडाक्याच्या थंडीत बागेच्या बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करणारा हा माणूस. ऊब आली की बाग वाचली, हा त्यांचा हिशेब.

मला त्या उबेचाच संशय होता. वाऱ्याने कड्यामागचा बर्फ आणून नेमका याच उतारावर साठवला होता. खालचा जुना थर साखरेसारखा भुसभुशीत होता आणि वरचा उन्हाने जड होत चालला होता. लोक सकाळपासून ये-जा करत आहेत, असे आम्हाला घेऊन आलेल्या गाडीवाल्याने सांगितले. पावलांचे ठसेही होते. पण ते उमटले तेव्हा बर्फ गोठलेला होता. मी उताराच्या पायथ्यापासून लांब, सपाटीवर पाय टाकला. आत कुठेतरी धप्प आवाज झाला आणि बुटापासून एक बारीक भेग पुढे धावली. खालचा थर वरचा भार पेलत नसल्याची ही खूण.

“तुले घाबरायचा पगार भेटतो का?” आबांनी विचारले.

“आबा, घड भरलेत, बागेला पाणी दिलंय आणि वारा सुटलाय. तुम्ही आम्हाला आत जाऊ देता?”

“तिथं झाड अंगावर येतं.”

“येईपर्यंत ते उभंच असतं ना?”

घडाच्या भाराने कललेले झाड पाहावे तसे, मान तिरकी करून, ते बराच वेळ उताराकडे पाहत राहिले. मग जागेवरूनच देवळाला हात जोडून गाडीत जाऊन बसले.

त्या उतारावरचा बर्फ त्या दिवशी कोसळला नाही. ते परत जाईपर्यंतही नाही. आता रावेरहून फोन आला की खुशालीआधी विचारतात, “पडला का तो?”

नाही, असे मी सांगते.

“मंग?”

त्या ‘मंग’पुढे मांडायला माझ्याकडे पुरावा नाही. कधी कधी मलाही माझ्याच निदानाचा संशय येतो. तरी आबांना पुन्हा तिथे उभे केले, तर मी पुन्हा अडवीन.