शेवटच्या गावची शिवी

पंचगंगेच्या साऱ्या खोऱ्यात कागदाशिवाय कारभार मोजू शकणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा हे माझं प्राक्तन. मी कोल्हापुरात पाटबंधाऱ्याच्या कचेरीत हेडक्लार्क. रोज सकाळी दिवसाच्या कामांची यादी करतो. तिच्यात पहिलं काम 'यादी करणे' असं लिहून लगेच त्यावर रेघ मारतो. एक तरी काम उरकल्याचं समाधान. मामा पाच गावांच्या बंधारा मंडळीचे प्रमुख. बंधाऱ्यात पाणी अडवायच्या फळ्या कधी घालायच्या, कधी काढायच्या, कुठल्या गावाची पाण्याची पाळी किती दिवस, सगळं डोक्यात. हातात सदैव छत्री, पण पावसात ती घोंगड्यात गुंडाळून स्वतः भिजत. नदीत छत्री बुडवायची आणि कापड कुठवर ओलं झालं ते बघायचं, ही त्यांची मोजणी. "आधीच भिजली तर नदी किती नि पाऊस किती, कसं कळायचं?" असं मलाच विचारत.

अशा मंडळ्यांचं काम मोजा आणि सुधारा, असा एकदा वरून हुकूम आला. मी बेचाळीस रकान्यांचा तक्ता आखला. झोपेतही रकाने दिसत. मामांच्या मंडळीला पैकीच्या पैकी गुण पडले. बंधाऱ्याखालच्या शेवटच्या गावाकडून तर दोन महिन्यांत एकही तक्रार नव्हती. मी पेढे घेऊनच गेलो.

मामांनी पेढा तसाच खाली ठेवला. "तक्रार न्हाय? ते गाव माझी अक्कल काढल्याबिगर रामराम घेत न्हाय, जावईबापू."

आम्ही तडक निघालो. एरवी मामांना शिव्यांनीच ओवाळणारे तिथले तात्या कट्ट्यावरून उठले आणि म्हणाले, "या पावणं. बसा. च्या घेणार?"

मी तक्त्यात लिहिलं, 'स्वागत : उत्तम.' मामांनी कपाला हात लावला नाही. थेट रानात गेले. उसाची पानं पिवळी पडून सुरळ्या झालेल्या. वरच्या गावांची इंजिनं पाळी संपल्यावरही पाणी ओढत होती, त्यात मामांचंही एक होतं. खालच्यांनी सांगून सांगून तोंड बंद केलं होतं.

"भांडत्यात तवर आपली मानसं म्हणत्यात," मामा बांधावर बसून म्हणाले. "पावणं केलं की मग संपलं."

त्या दिवशी त्यांनी आधी स्वतःचं इंजिन थांबवलं, मग फळ्या काढायला माणसं लावली. त्यात सूर्य मावळला, आणि सूर्यास्तानंतर न जेवणारे मामा उपाशीच झोपले. आठवड्याने गेलो तेव्हा तात्या लांबूनच ओरडले, "आलं व्हय म्हातारं? जित्तं हाईस अजून?" मामांचा चेहरा हार घातल्यासारखा फुलला.

मामा जाऊन दोन वर्षं झाली. आता मंडळीची तपासणी माझ्याकडे आहे. तक्त्यात त्रेचाळिसावा रकाना आखला आहे, पण वर मथळा काय लिहावा ते सुचत नाही. तात्या मला पाहून उठत, 'साहेब' म्हणत. ते ऐकलं की मी आधी रानात जाऊन ऊस पाहून येई.

परवा मात्र ते उठले नाहीत. "म्हाताऱ्याला अक्कल कमी हुती," ते म्हणाले, "तुम्हास्नी तर तेवढीबी न्हाय. पाणी दोन दिस उशिरा आलं की."

मी जवळजवळ पळतच रस्त्याला लागलो. अर्ध्या वाटेवर ध्यानात आलं, ही शिवी सांगायला मी मामांच्या घराकडे निघालो होतो.