आप्पांची लोखंडी नस

"सोड बे, सोड तो पट्टा! हात हाय का उसाचं कांडं, पिळाया लागलास ते?"

साखर कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आरोग्य शिबिर चाललं होतं आणि आमचे विश्वनाथआप्पा, बॉयलरचे फिटर, डॉक्टरवर असे खेकसत होते की भुशाच्या ढिगावरची कबुतरं उडून थेट नांदूरघाटला जाऊन बसली. डॉक्टर नवखा, पण हट्टी. पंप दाबतोय, पारा चढतोय, दोनशेच्या पुढं गेला तरी थांबायचं नाव नाही. आप्पांच्या मनगटावर बोट ठेवून तो स्वतःशीच पुटपुटला, "नाडी बंद झाली, तरी नस हाताला लागतेय. दोरीसारखी कडक..." मी शेजारीच उभा होतो. मी कारखान्याचा टाइमकीपर. हजेरी घेणं हे माझं काम आणि थापा मारणं हा धंदा. मी गप्प कसा बसणार? "दोरी न्हवं साहेब, सळई हाय सळई! आमच्या आप्पाची नस लोखंडाची हाय!"

सगळं कॅन्टीन हसलं. आप्पा सगळ्यांत मोठ्यानं हसले. डॉक्टर तेवढा हसला नाही. त्यानं चिठ्ठी लिहिली, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आठवड्याच्या आत दाखवा म्हणून. आप्पांनी हात पुढं केला, पण त्याआधीच ती मी ओढली, बाकावर चढलो आणि खणखणीत आवाजात वाचली, "सर्टिफिकेट! सदर इसमाच्या अंगात रक्त नसून वाफ खेळते. याला सुई टोचू नये, सुईची नुकसानी होईल!" मग चिठ्ठी घडी करून मी खिशात घातली.

आप्पा जाऊन आता पाच आठवडे झाले. त्यांच्या थोरल्याचा फोन आला तेव्हा मी स्टँडवरच्या हॉटेलात हीच गोष्ट सांगत होतो. पट्टा फुटतो आणि डॉक्टर चपला टाकून पळतो, तिथवर आलो होतो. "काका, आप्पा गेले. सकाळी न्हाणीतच..." मी फोन ठेवला. समोरची मंडळी हसायच्या तयारीत बसलेली. एकजण म्हणाला, "मग पुढं काय झालं?"

पट्टा कधीच फुटला नव्हता. डॉक्टरही पळाला नव्हता. माझ्या तोंडातून निघालेला उंदीर चौकात पोचेस्तोवर हत्ती होतो, हे तालुक्याला ठाऊक आहे. पण हा हत्ती एका माणसाच्या छातीवर बसलाय, हे मला कळायला हवं होतं.

त्या शिबिराला आता बरीच वर्षं झाली. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. निम्मा ऊस छावण्यांतल्या जनावरांच्या पोटात गेलेला, धरण कोरडं, आणि सहकाराची अब्रू म्हणून थोडे दिवस तरी चाकं फिरवायचीच, असं संचालकांनी ठरवलेलं. बॉयलरला बोअरचं पाणी. ते इतकं जड होतं की मी सांगायचो, त्यात चहा केला तर कपात विटकर निघते. नळ्यांत पांढरी खपली धरायची. आप्पांकडं एक वीतभर लांबीची हातोडी होती. नळीवर टक्‌ करायचे, कान द्यायचे, आणि सांगायचे, "ही खुली हाय. ही भरत आली." कधी चुकले नाहीत. माणसं कमी, त्यामुळं एकटे दोघा-तिघांचं काम ओढायचे. एक पाळी संपली की दुसरी. विडीवर विडी. दुसऱ्यांच्या नळ्या वाजवणाऱ्या या माणसाची स्वतःची नस एका डॉक्टरनं वाजवून बघितली होती, आणि निकालाचा कागद माझ्या खिशात होता.

तो मी प्लास्टिकच्या पिशवीत जपला. गोष्ट रंगात आली की काढून दाखवायला. आप्पाच म्हणायचे, "भगवान्या, सांग की ते पट्ट्याचं." मग मी सांगायचो, आणि ते मान खाली घालून, लाजल्यासारखं हसायचे. चिठ्ठीशिवाय दवाखान्यात जाता येत नव्हतं असं नाही. पण ज्याची नस लोखंडाची म्हणून साऱ्या तालुक्यात डंका, तो कोणत्या तोंडानं डॉक्टरपुढं बसणार?

गेल्या वर्षी छातीत दुखायला लागलं तेव्हा मीच सोबत गेलो. डॉक्टरीणबाईंनी दाखवलेल्या तपासणीच्या चित्रात आप्पांच्या हृदयाच्या नळ्या पांढऱ्याफट्ट दिसत होत्या. आप्पांनी ते चित्र ओळखलं. "चुना धरलाय बाई. बोअरचं पानी पिलो न्हवं का. तेजाब सोडून धुता येतंय का बघा. आमी तसंच करतो."

डॉक्टरीणबाई हसल्या, पण खुर्ची ओढून नीट समजावत बसल्या. म्हणाल्या, हा चुना पाण्यातून आलेला नाही. रक्ताची नळी लोखंडाची नसते, जिवंत पेशींची असते. प्रत्येक पेशी म्हणजे एक छोटा कारखानाच; आत प्रथिनं तयार होतात, नीट घडी घालून बाहेर जातात. रक्ताचा दाब, विडीचा धूर, साखर यांचा मारा वर्षानुवर्षं चालला की घड्या चुकायला लागतात, बिघडलेला माल आत तुंबतो. पेशी भोंगा वाजवते, काम धीमं करते, सावरायला बघते. पण ताण हटलाच नाही, तर नळीच्या भिंतीतल्या स्नायूच्या पेशी आपलं आकसायचं-सैलावायचं काम सोडतात आणि हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात. जागच्या जागी चुना घालतात. नस अशी कडक होत जाते.

आप्पांनी चित्रातल्या पांढऱ्या नळीवर बोटानं टक्‌ केलं. "म्हंजे फिटरचा गवंडी झाला," ते म्हणाले. "लई काम पडलं म्हनून पाना टाकला आन् बसल्या जाग्यावर भिंत बांधाया लागला."

"अगदी तसंच. आता हे धुता येत नाही. दाब लवकर आटोक्यात आणला असता, विडी सुटली असती, तर एवढं वाढलं नसतं. याआधी कुणी काही सांगितलं नव्हतं का?"

माझ्या पायांखाली फरशी राहिली नाही. ही थाप नाही. आप्पांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "न्हाई बाई," ते म्हणाले, "कुनी न्हाई."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. आयुष्यभर नको तिथं बोललो, आणि तिथं गप्प बसलो... परतीच्या एस.टी.त आप्पा खिडकीशी बसून झोपले, आणि मी स्वतःची समजूत घातली की ते विसरले असतील. ही मी मारलेली सगळ्यांत मोठी थाप, आणि ती मी मलाच मारली.

परवा त्यांच्या घरी गेलो. ओसरीच्या खुंटीला हातोडी टांगलेली, दांडा आप्पांच्या मुठीनं झिजून गुळगुळीत झालेला. काशीवैनी ज्वारी निवडत होत्या. मी पिशवीतून चिठ्ठी काढली, सुपाशेजारी ठेवली आणि सगळं सांगितलं. एक शब्द वाढवला नाही. इतकी छोटी गोष्ट मी जन्मात सांगितली नव्हती.

वैनींनी सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

"ठावं होतं त्यानला," त्या म्हणाल्या. "मी म्हनले, भावजीकडून ती चिठ्ठी मागून आना. तर म्हनले, राहू दे. गोष्टीला लागती त्याला."