पातं बदलायची सुरी

टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या रस्त्याला आमचा धाबा आहे. मटण, तांदळाची भाकरी आणि भात, एवढंच मिळतं. बकरा सोलायचं काम पहिल्यापासून माझ्या नवऱ्याचं. सदरा उतरवावा तसं ते कातडं उतरवायचे. मग त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, हात नाही.

गळा कापायला शेजारच्या पाड्यातला एक माणूस येतो, पण तेवढं करून तो आपल्या कामाला जातो. पुढचं माझ्यावर आलं. जुन्या सुऱ्यांना धार लावणं आता नवऱ्याला जमेना, आणि मी लावली की त्या आणखीच बोथट व्हायच्या. शेवटी माझ्या भाच्यानं मोबाइलवरून एक सुरी मागवून दिली. नारिंगी मूठ आणि पुढे दाढीच्या पात्यासारखं पातळ पातं. धार गेली की ते काढून दुसरं बसवायचं. कातड्याखाली ते अलगद फिरतं, पण सांध्यात घालून पिळलं की टचकन तुटतं. म्हणून पात्यानं फक्त चीर द्यायची, हाताची मूठ आत घालून कातडं सोडवायचं, आणि सांध्याला कोयता घ्यायचा. हे सगळं नवऱ्यानं बाजूला खुर्ची टाकून मला शिकवलं.

तरी मला लाज वाटायची. आमच्यात बायका मटण धुतात, शिजवतात. बकऱ्याला सुरी लावत नाहीत. धाब्यामागच्या आंब्याला बकरा टांगायचा, तिथं मी जुनी साडी आडवी बांधून घेतली होती. गिऱ्हाईक हात धुवायला मागे आलं की तिच्याआड गप उभी राहायचे.

वैशाखात मुरबाडकडून माझा थोरला भाऊ आला, मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला. चहा पिता पिता म्हणाला, "सोयरे जुन्नरकडचे. याच रस्त्यानं जानार. परतताना तुझ्याकडं जेवायला थांबवतो त्यांना. चालंल ना गो?"

"न चालायला काय झालं?"

त्याचं लक्ष आंब्याकडे गेलं. साडीच्या वर टांगलेल्या बकऱ्याचे पाय दिसत होते.

"आता सोलतं कोन? दाजींचा हात तर असा."

"हेच सोलतात," मी म्हटलं. "बरा झालाय हात."

तोंडातून निघून गेलं. आपली बहीण बकरा सोलते, हे ऐकून त्याचा चेहरा कसा होईल ते मला बघायचं नव्हतं. नवरा शेजारीच बसले होते.

"वा!" भाऊ मनापासून खूश झाला. "मंग दाखवा, दाजी. पाय मी धरतो."

मला वाटलं, हे काहीतरी सांगून टाळतील. पण ते उठले आणि पाय ओढत आंब्याखाली गेले. सुरीला पातं नव्हतं, नवं बसवायचं होतं. मूठ त्यांनी डाव्या हातानं पोटाशी दाबून धरली आणि उजव्या हाताच्या चिमटीत पातं घ्यायला लागले. ते मातीत पडलं. वाकून उचललं, परत पडलं. भावाच्या तोंडावरचं हसू गेलं. मी चहाची किटली धरून उभी. पुढे जायला हवं होतं, पण पाय उचलेना. तिसऱ्या वेळी त्यांचा अंगठा कापला. त्या रक्ताकडे ते असं बघत राहिले की जणू तो हात दुसऱ्याच कुणाचा आहे.

"ऱ्हाऊ द्या, दाजी," भाऊ खाली बघत म्हणाला.

नवऱ्यानं सुरी माझ्यापुढे केली. "घे गो. मला नाय जमत." मग भावाला म्हणाले, "हीच सोलते, दादा. चांगली सोलते."

मी पातं बसवलं आणि भावासमोर सगळा बकरा सोलला. भावानं बकऱ्याचा पाय शेवटपर्यंत सोडला नाही. नंतर तो जेवला, पण मटण दुसऱ्यांदा मागितलं नाही.

तो एसटीत बसून गेल्यावर मी नवऱ्याच्या अंगठ्याला हळद लावायला घेतली.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"तुला लाज कोनाची वाटली? माझी का तुझी?"

"माझी."

ते खरं होतं, पण अर्धंच. त्यांनाही ते कळलं असणार. त्यांनी हात ओढून घेतला नाही, एवढंच.

लग्नानंतर सोयऱ्यांची गाडी खरंच थांबली. भावानं शब्द पाळला होता, तोही त्यांच्यासोबत आला होता. बकरा कोण सोलतं असं कुणी विचारलं तर काय सांगायचं ते मी सकाळपासून मनात ठरवून ठेवलं होतं. कुणी विचारलंच नाही. सगळे पोटभर जेवले, मटणाची तारीफ केली. नवरा गल्ल्याशी उभे राहून बडीशेप देत होते. एक म्हातारेबुवा थांबले.

"डाव्या हातानं देता होय पाव्हन्याला?"

हे नुसते हसले. भाऊ माझ्याकडे बघत होता. यांचा उजवा हात चालत नाही हे मी सांगेन असं त्याला वाटलं असेल. मी मान खाली घालून भाकरी थापत राहिले.