याडीचा अर्धा चेहरा

यवतमाळात एका फोटो स्टुडिओत मी कॉम्प्युटरवर फोटो जोडायला शिकले. मालकांना आम्ही सगळे चाचा म्हणायचो. माणूस मागच्या चित्रातून कसा कापून काढायचा, केसांच्या कडा कशा मऊ ठेवायच्या, दुसऱ्या फोटोत त्याला उभं केल्यावर उजेड बघून सावली कशी टाकायची, हे त्यांनी शिकवलं. लग्नाला न आलेले मामा मी अल्बमात बसवले, भांडलेले जावई उडवले. बोरी अरबकडच्या आमच्या तांड्यावर याडीला, म्हणजे माझ्या आईला, माझं काम नेमकं काय ते शेवटपर्यंत समजलं नाही. पोरगी फोटो धुते, असं ती बायकांना सांगायची.

ती गेली तेव्हा तेरवीसाठी फोटो हवा होता. भावाने ते काम माझ्यावर सोपवलं. मी घरातली पेटी उपसली, नातेवाइकांचे मोबाइल पाहिले. प्रत्येक लग्नात बाबा पुढे खुर्चीवर, बाजूला भाऊ, मागे काकू, माम्या, शेजारणीसुद्धा. याडी कुठेच नाही. फोटो निघताना ती चुलीपाशी असायची आणि तिला हाक मारावी असं कुणाला वाटलेलं नव्हतं. आधार कार्डावरचा चेहरा मोठा केला की नुसते चौकोन दिसत. शेवटी चुलत बहिणीच्या लग्नातला एक फोटो सापडला. पंगतीमागून याडी पत्रावळी घेऊन चालली होती. तिचा अर्धा चेहरा एका पाहुणीच्या डोक्याआड गेला होता.

तो अर्धा चेहरा मी कापला, उलटवला आणि दुसऱ्या बाजूला जोडला. चाचा मागे उभे राहून बघत होते.

“बेटी, कोन्याच मानसाच्या दोन बाजू सारख्या नसतेत,” ते म्हणाले.

मला ते दिसतच होतं. याडीची डावी पापणी जरा उतरलेली होती. ती मी आठवणीने खाली ओढली. हनुवटीवरचे गोंदणाचे ठिपके एकेक करून रेखले. संध्याकाळपर्यंत जे झालं ते पूर्ण तिचं नव्हतं, पण तिच्या बरंच जवळ गेलं होतं.

भाऊ लोहाऱ्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. कामावरून थेट स्टुडिओत आला, स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाला, “हे गोंदण काढून टाक. डोये सारखे कर. कंपनीतले साहेब येऊन राह्यले तेरवीले.”

“काहून काढू? ते याडीचं हाये.”

“तुले नाही समजत.”

मी नाही म्हटलं. त्याने वाद घातला नाही. फोटो मोबाइलवर पाठवायला सांगितला, तेवढा मी पाठवला.

तेरवीच्या दिवशी तांड्याच्या तोंडाशीच बॅनर लागलेला होता. माझाच फोटो त्याने बॅनरवाल्याकडून बदलून घेतला होता. रंग गोरा, दोन्ही डोळे सारखे, हनुवटी कोरी, अंगावर रेशमी साडी आणि गळ्यात सोन्याचा हार. असा हार याडीने उभ्या जन्मात घातला नव्हता. घरातल्या चौकटीतही तीच बाई. साहेब लोकांनी फुलं वाहिली. त्यातला एक जण म्हणाला की माताजी मोठ्या प्रसन्न दिसतात.

मावशी, याडीची सख्खी बहीण, दुपारी पोचली. तिच्याही हनुवटीवर तेच ठिपके आहेत. फूल हातात धरून ती चौकटीपुढे थांबली आणि मला विचारलं, “हे कोन बाई व्हय?”

“याडीच तं हाये, मावशी,” भाऊ मागून म्हणाला आणि हसला. नजर गेली म्हातारीची, असं त्याने साहेबांना समजावलं. मावशी ते फूल मुठीत घेऊनच भिंतीशी जाऊन बसली.

पुढे मी स्वतः केलेला याडीचा फोटो मढवून बाबांकडे नेला. भिंतीवरचा काढा, हा लावा, म्हटलं. बाबांनी तो हातात घेतला, थोडा वेळ पाहिला आणि परत दिला.

“लोकाइले आता तो पाठ झाला,” ते म्हणाले. “घरात दोन दोन कायले?”

मी चौकट पिशवीत घातली आणि यवतमाळची गाडी धरली.