एकावन्न आणि बावन्न

वडील, म्हणजे नाना, धारला, मी देवासला. भाऊ गंधवानीच्या शाळेत शिकवतो. तो सकाळी निघाला की नाना दिवसभर एकटे. मागे ते पडले, तेव्हा भाऊ परत येईपर्यंत फरशीवरच होते. त्यानंतर मी ठरवलं, दोन्ही घरांची नेटवर्कं एकमेकांना जोडायची. नानांच्या खोलीतला कॅमेरा जुना, चित्र घराबाहेर पाठवत नाही. पण घरं जोडली की ते मला इथे बसून दिसलं असतं. कॉम्प्युटर शिकवते मी, एवढं तर यायलाच हवं.

पण जमेना. धारचा कॅमेरा उघडायला जावं, तर माझ्याच घरच्या कॅमेऱ्यातलं देवघर समोर. घरातल्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो, आणि दोन्हीकडचे पत्ते सारखेच असले की कॉम्प्युटर आपल्याच घरात शोधत बसतो. तसं होऊ नये म्हणून तर मी राउटरमधला मूळचा आकडा बदलून एकावन्न केला होता. वैतागून भावाला फोन लावला.

"ताई, मी पण एकावन्नच टाकला ना. नानांनी बोललं होतं."

बोलणारच. मुंजीतले लाडू असोत की पूजेची फुलं, आमच्या घरात मोजणी एकावन्नावर थांबते. आपापल्या कॅमेऱ्याच्या पत्त्यातही आम्ही दोघांनी एकमेकांना न विचारता अकराच टाकला होता, तोही शुभच.

"शुभ आकडा आहे, इथला काढायचा नाही," नाना मागून म्हणाले. "तू तुझ्या सासरचा बदल."

लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी बदलायचं मीच. धुसफुसत बदलला. माझं घर बावन्न झालं आणि नाना दिसले, खाटेवर बसून पानाला चुना लावताना. मला रडूच आलं. फोनवर त्यांना बजावलं, "काही लागलं तर कॅमेऱ्याकडे हात करा. मी बघतेय."

परवा दुपारी पाहिलं, तर ते पाय खाली सोडून काठी चाचपडत होते. काठी खाटेमागे पडली होती. मला स्पष्ट दिसत होती, त्यांना नाही. माझा आवाज तिकडे पोचत नाही. फोन करावा तर तो समोरच्या टेबलावर. वाजला की ते काठीशिवायच उठणार. भावाचा फोन गंधवानीत लागेना. शेजारच्या काकूंचा नुसताच वाजत राहिला. धार काही हाकेच्या अंतरावर नाही. इतका खटाटोप करून मी मिळवलं काय, तर बापाची फजिती बघायची सोय.

नानांनी चाचपडणं थांबवलं. मान वर केली आणि सांगितल्याप्रमाणे कॅमेऱ्याकडे हात केला. थोडा वेळ थांबले. हात दुखला असावा, खाली घेतला, मग पुन्हा वर केला.

मी काकूंचा नंबर परत लावला आणि देवासच्या माझ्या खोलीत, रिकाम्या भिंतीसमोर, हात वर केला.