माझी बहीण धुक्यावर काम करायची

रोहिणी गेली.

काल दुपारी. पुण्यात. ब्रेन हॅमरेज.

सगळ्यांचे फोन येताहेत, उचलवत नाहीत. म्हणून इथे लिहितोय.

माझी धाकटी बहीण. बऱ्याच जणांना एवढंच माहीत की ती "हवामानात" आहे. तिचं काम धुक्याचं. उद्या धुकं पडेल का, किती टिकेल, हे सांगणारं कॉम्प्युटरवरचं मॉडेल.

निफाडजवळ आमची द्राक्षबाग. धुकं रेंगाळलं की घड ओले राहतात, डाऊनीची बुरशी येते, माल जातो.

मागे एका थंडीत मी तिला फोन करून विचारलं.

"विरळ असेल दादा. ऊन आलं की जाईल."

नाही गेलं. दुपार झाली तरी समोरची वेलींची ओळ दिसेना. तिच्या भरवशावर मी फवारणी पुढे ढकलली होती. एक अख्खा प्लॉट गेला.

मी तिला प्लॉटचा फोटो पाठवला. तीच म्हणाली, "मॉडेल चुकलं. का चुकलं ते बघते."

आणि रजा टाकून घरी आली.

कडाक्याच्या थंडीत द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून आमच्याकडे सगळेच पहाटे बागेत शेकोट्या करतात. काड्या, पालापाचोळा, कुणी टायरसुद्धा. ही बाई हातात एक यंत्र धरून त्या धुरात उभी.

आई ओरडली, "सुट्टीला आली का धूर खायाला?"

"कण मोजते गं."

मग ओट्यावर बसून मला समजावलं.

"पाण्याचा थेंब व्हायला हवेत कण लागतो दादा. धुराचा, धुळीचा. कण कमी असले की थेंब मोठे होतात, लवकर खाली बसतात. कण जास्त असले की थेंब बारीक आणि भरपूर. ते तसेच तरंगत राहतात. ऊनही खाली येऊ देत नाहीत."

"मग चुकलं कुठं?"

"मॉडेलमध्ये कणांचा एकच आकडा होता. समुद्रावर तोच, निफाडला तोच."

आमच्या धुराचे आकडे आत घालून तिने मॉडेलवर तोच दिवस परत चालवला. स्क्रीनवर धुकं दुपारपर्यंत टिकलं.

मी म्हटलं, "आता कळून काय उपयोग?"



टायर जाळू नका म्हणून शेजारी सांगायला गेली, तर एक जण म्हणाला, "ताई, मणी तडकले तर तू भरून देशील का?"  ती घरी येऊन परत आकडे घेऊन बसली.

पुढच्या थंडीत संध्याकाळी तिचाच फोन. "उद्या टिकणार. आजच फवारणी उरक."

उरकली. धुकं टिकलं. माल वाचला.

मी खूप कौतुक केलं तर म्हणाली, "अजून चुकतं रे. जरा कमी चुकतं, एवढंच."

काल डॉक्टर बोलत होते, मी मान हलवत होतो. नंतर बराच वेळ खिशात पार्किंगची पावती शोधत बसलो.

रडू आलेलं नाही. येईल बहुतेक.

आज सकाळी गावी सगळं उरकलं. घरी आल्यावर आईने विचारलं, "तिनं स्वेटर घेतला होता ना?"

मी हो म्हणालो.

दशक्रिया नाशिकला रामकुंडावर. वेळ कळवतो.

रोहिणी, आईजवळ मी आहे.

तू नीट जा.